टक्के सगळ्यांत शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तिघे मिळून व्यवसाय सुरू करताय. एकाचं भांडवल, दुसरा पूर्णवेळ राबणार, तिसऱ्याची मूळ कल्पना आणि ओळखीपाळखी. तिघांत सरळ समान वाटे करावेत का? आणि जम बसल्यावर कामगारांनाही हिस्सा द्यायची इच्छा आहे, तर ते खरंच जमतं का?

भागीदारीचे करार लिहिणं आणि भागीदारांचं फाटलं की मध्ये बसून वाटणी करून देणं हे माझं रोजचं काम. त्यावरून सांगतो, ज्या आकड्यावर तुम्ही अडलात तो सगळ्यांत शेवटी ठरवायचा असतो. माझ्यासमोर येणाऱ्या भांडणांत ‘मला तेहतीसऐवजी चाळीस टक्के हवे होते’ हे कारण क्वचित असतं. एकजण काम सोडून गेलेला असतो आणि हिस्सा मात्र तसाच राहिलेला असतो. नफा झालेला असतो, पण वाटलेला नसतो. कर्ज फेडायची वेळ येते तेव्हा ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याच दारात सगळे येतात. भागीदार वारतो आणि त्याच्या मुलीने हिशेब मागितला तर वह्या दाखवायला कुणी तयार नसतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी टक्केवारी कागदावर अगदी स्पष्ट असते. त्या टक्क्यांबरोबर हातात काय येतं ते मात्र कुणी लिहिलेलं नसतं.

हिस्सा म्हटला की त्यात चार गोष्टी येतात: नफ्यातला वाटा, तोट्यातला वाटा, निर्णयातला अधिकार आणि बाहेर पडताना मिळणारी किंमत. या चारही एकाच प्रमाणात असाव्यात अशी सक्ती नाही. तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर मात्र कायदा त्या तुमच्यासाठी ठरवून टाकतो. ब्रिटनचा १८९० चा भागीदारी कायदा आणि भारताचा १९३२ चा कायदा याबाबत सारखंच सांगतात: वेगळा करार नसेल तर नफा समान, तोटाही समान, आणि व्यवसायात राबल्याबद्दल भागीदाराला वेगळा मोबदला नाही. हा शेवटचा भाग बहुतेकांना माहीत नसतो. तुमच्यातल्या पूर्णवेळ राबणाऱ्याला सगळ्यांत जास्त फटका त्याचाच बसेल.

म्हणून आधी एक करा. कामाला पगार, जागेला भाडं, भांडवलाला ठरलेला परतावा, हे सगळं आधी बाजूला काढा. त्यानंतर उरेल तो नफा आणि वाटायचा तो तेवढाच. समजा वर्षाअखेर या कशाचेही पैसे न देता हातात १०० उरले. समान वाटणी केली तर प्रत्येकाला ३३ आणि थोडं वर. राबणारा हेच काम बाहेर करून ४० मिळवू शकला असता, म्हणजे वर्षभर घाम गाळून तो तोट्यात. ज्याने दोन-चार ओळखी करून दिल्या त्यालाही ३३. आता दुसऱ्या पद्धतीने बघा. राबणाऱ्याचा पगार ४०, भांडवलाचा परतावा १०, उरले ५०. हे ५० समजा ४०:४०:२० या प्रमाणात वाटले तर राबणाऱ्याला एकूण ६०, पैसे घालणाऱ्याला ३०, कल्पनावाल्याला १०. हेच प्रमाण बरोबर असा माझा दावा नाही. पण अशी मांडणी केली की कुणाला कशाबद्दल किती मिळतंय ते तिघांनाही दिसतं आणि ‘मी एवढं केलं, मला काय मिळालं’ हा प्रश्न दर दिवाळीत नव्याने निघत नाही. सुरुवातीला पगार देण्याइतके पैसे नसतील, तर तो वहीत देणं म्हणून लिहून ठेवा. लिहिलेलं देणं पुढे फेडता येतं. मनात ठेवलेलं देणं हिस्स्याच्या भांडणातच बाहेर येतं.

कल्पनेचं मोल कमी आहे असं मी म्हणत नाही. पण कल्पना एकदाच दिली जाते आणि हिस्सा कायमचा असतो. एकदाच दिलेल्या गोष्टीबद्दल कायमचा वाटा दिला की पाचव्या वर्षी राबणाऱ्याला तो खुपायला लागतो, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. कल्पनावाला पुढे कामात नसणार असेल तर त्याला विक्रीवर ठराविक मुदतीसाठी ठराविक टक्के द्या. कामात असणार असेल तर त्याच्या कामाची किंमत करा. ओळखींचंही तसंच. ज्या ओळखीतून काम आलं त्या कामावर मोबदला द्या, मालकी देऊ नका.

दुसरी गोष्ट काळाची. हिस्सा पहिल्या दिवशी पूर्ण हातात देऊ नका, तो कमवू द्या. नव्या कंपन्यांमध्ये रुळलेली रीत अशी: चार वर्षांत हिस्सा टप्प्याटप्प्याने पक्का होतो, आणि पहिल्या वर्षाच्या आत गेला त्याला काहीच मिळत नाही. समजा राबणाऱ्याला ३२ टक्के ठरले आणि तो दीड वर्षाने गेला. ४८ पैकी १८ महिने झाले, म्हणजे १२ टक्के त्याचे, उरलेले २० परत. हे कलम मांडलं की सुरुवातीला नाराजी होते, ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं ऐकायला मिळतं. मी त्यांना एवढंच सांगतो की हे कलम तिघांनाही लागू आहे, आणि जाणारा कोण असेल ते आज तिघांपैकी कुणालाच माहीत नाही. नंतर नवा गुंतवणूकदार आला की सगळ्यांचेच टक्के खाली येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कंपनीचा पाचवा भाग त्याला नव्याने दिला तर तुमचे ४० चे ३२ होतील. एकूण व्यवसाय मोठा होत असेल तर हा सौदा चांगला असतो.

तोट्याबद्दल कुणाला बोलायचं नसतं. पण हिस्स्याची खरी किंमत तिथेच कळते. साध्या भागीदारीत घेणेकरी, म्हणजे ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो, प्रत्येक भागीदाराकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. आपापसातलं प्रमाण ही तुमची अंतर्गत बाब, घेणेकऱ्याला तिच्याशी कर्तव्य नाही. तो ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याकडे जातो. १८७८ साली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. शेअरची किंमत बुडाली ती बुडालीच, वर बँकेचं देणं फेडण्यासाठी त्यांच्याकडे त्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम मागितली गेली आणि बहुतेक भागधारक देशोधडीला लागले. ब्रिटनमध्ये १८५५ पासून मर्यादित जबाबदारीची, म्हणजे घातलेल्या पैशापलीकडे काही भरावं न लागण्याची, सोय कायद्यात होती आणि १८५८ पासून ती बँकांनाही खुली झाली होती, तरी त्या बँकेने ती घेतली नव्हती. तुम्ही मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली तर धंद्याचं देणं आणि तुमचं घर यांच्यामधली ही भिंत तुम्हाला मिळेल. पण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँका बहुधा वैयक्तिक हमी मागतात, आणि हमीवर सही झाली की ती भिंत त्या कर्जापुरती पडते. तेव्हा हमीवर सही कोण करणार, तिघे की एकटा, हे आत्ताच ठरवा. एकट्याने केली तर त्या जोखमीचा मोबदला त्याला मिळायला हवा, आणि ती रक्कम त्याने भरावी लागली तर बाकीच्यांनी त्याला किती भरून द्यायची हेही लिहिलेलं हवं.

आता निर्णय. तिघांत समान मतं असली की कोंडी होत नाही असं लोकांना वाटतं. कोंडी होत नाही हे खरं, पण दोघे एक झाले की तिसरा हिस्सा असूनही रिकाम्या हाताने राहतो. या विषयावरचा सगळ्यांत शिकवणारा खटला अमेरिकेतला आहे. १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी निघाली तेव्हा जॉन आणि होरेस डॉज हे भाऊ तिला गाडीचे सुटे भाग पुरवत होते, आणि त्यांना मिळून दहा टक्के शेअर मिळाले. कंपनी वाढली, लाभांश भरभरून मिळू लागला. १९१४ पासून डॉज बंधू स्वतःच्या गाड्या बनवू लागले. हेन्री फोर्ड यांच्याकडे ५८ टक्के होते. १९१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे विशेष लाभांश नाही, पैसा कारखाने वाढवण्यात आणि गाड्या स्वस्त करण्यात जाईल. डॉज बंधूंचे दहा टक्के कागदावर तसेच होते. मोठा नफाही होत होता. हातात येणारा पैसा मात्र आटला, कारण नफा वाटायचा की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. ते न्यायालयात गेले. १९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ९३ लाख डॉलरचा विशेष लाभांश वाटायला लावला, पण कारखाने वाढवायच्या बेतात हात घालायला नकार दिला. तो संचालकांचा अधिकार, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्याच वर्षी फोर्ड यांनी सगळ्या छोट्या भागधारकांचे शेअर विकत घेतले. डॉज बंधूंना अडीच कोटी डॉलर मिळाले.

यात डॉज बंधूंचं बरं झालं, कारण त्यांच्याकडे स्वतःचा कारखाना होता आणि मोठमोठे वकील उभे करण्याची ऐपत होती. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या भागीदाराकडे यातलं काहीच नसतं. म्हणून करारात काही विषय राखून ठेवा, ज्यांवर तिघांचीही संमती लागेल: मोठं कर्ज, मालमत्ता विकणं, नवा भागीदार घेणं, आणि भागीदारांचे स्वतःचे पगार ठरवणं. पगाराचा विषय यातून अजिबात वगळू नका. नफा वाटायचाच नसेल तर तो पगाराच्या रूपाने दोघांच्या खिशात जातो आणि तिसऱ्याला वर्षाअखेर ‘यंदा काही उरलं नाही’ एवढंच कळतं. शिवाय नफ्याचा किमान किती भाग दरवर्षी वाटायचा हेही लिहा. रोजचे निर्णय मात्र जो काम सांभाळतो त्याच्यावर सोडा, नाहीतर साध्या खरेदीसाठीही बैठक भरेल.

या सगळ्याच्या मुळाशी एक हक्क आहे, तो म्हणजे हिशेब बघण्याचा. डच ईस्ट इंडिया कंपनीचं उदाहरण घ्या. १६०२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये दिर्क फान ओस या संचालकाच्या घरी कंपनीचं भांडवल गोळा करायला वर्गणीची वही उघडली होती. कुणीही यावं आणि हवी तेवढी रक्कम लिहावी. मुदत संपता संपता त्यांच्या घरातली मोलकरीण, नेल्तगेन कॉर्नेलिस, हिने १०० गिल्डर लिहिले. एका कामकरी बाईला त्या काळच्या सगळ्यांत मोठ्या व्यापारात मालकीचा तुकडा घेता आला, आणि तो पुढे दुसऱ्याला विकताही येणार होता. माणसांनी शोधून काढलेल्या व्यवस्थांमध्ये मला ही फार मोठी वाटते. पण त्याच कंपनीच्या सनदेत दहा वर्षांनी सगळा हिशेब जाहीर करायचा आणि ज्याला हवं त्याला पैसे परत न्यायची मुभा द्यायची असं लिहिलेलं होतं. १६१२ साल आलं आणि कंपनीने सरकारकडून त्यातून सूट मिळवली. १६२२ च्या सुमाराला चिडलेले भागधारक पत्रकं छापून हिशेब मागत होते. शेअर त्यांचा, वही मात्र संचालकांच्या कपाटात. चारशे वर्षं झाली, माझ्यासमोर येणारी तक्रार शब्दाशब्दाने तीच असते. त्यामुळे प्रत्येक भागीदाराला, तो कामावर येत असो वा नसो, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांनाही, वह्या कधीही बघता येतील असं लिहा. बँकेच्या खात्यात डोकावण्याची सोय तिघांनाही पहिल्या दिवसापासून द्या.

बाहेर पडण्याबद्दल फार लांबवत नाही. किंमत कशी काढायची ती पद्धत आज लिहा, कारण आज तुम्हाला माहीत नाही की तुम्ही विकणारे असाल की घेणारे, आणि म्हणून आज तुम्ही न्यायाने बोलाल. पैसे हप्त्याने द्यायची मुभा ठेवा, नाहीतर एकाला मोकळं करताना व्यवसायच बुडेल. ‘एकाने किंमत सांगायची, घ्यायचं की विकायचं ते दुसऱ्याने ठरवायचं’ ही पद्धत पुष्कळांना पसंत पडते. ज्याच्या हातात रोख पैसा जास्त त्याच्याकडेच ती झुकते, म्हणून तुमच्यासारख्या विषम तिघांना मी ती सुचवणार नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नफ्यात माणसांना सामील करून घेणं जमतं, आणि जिथे टिकलं तिथे भांडवल, नफा आणि अधिकार हे धागे वेगळे केल्यामुळेच टिकलं. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, एक एक पौंडाचा शेअर घेऊन सहकारी दुकान काढलं. भांडवलावर मर्यादित व्याज, उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात, आणि मत मात्र माणशी एक. म्हणजे पैसा, वापर आणि अधिकार या तिन्हींना त्यांनी वेगवेगळी मापं लावली. जास्त पैसे घातले म्हणून कुणाचा आवाज मोठा झाला नाही, आणि पैसे घालणाऱ्याला वाऱ्यावरही सोडलं नाही. जगभरातल्या सहकारी संस्थांनी पुढे हाच साचा उचलला.

जिथे विकण्यासारखं काही नसतं, फक्त सगळ्यांचं पाणी किंवा कुरण असतं, तिथेही हेच दिसतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात तुरिया नदीवरच्या कालव्यांचे शेतकरी दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाणी-न्यायालय भरवतात. न्यायाधीश शेतकऱ्यांनीच निवडलेले, सुनावणी सगळी तोंडी, आणि ज्या कालव्याचा वाद असेल त्या कालव्याचा प्रतिनिधी त्या निवाड्यात बसत नाही. तिथे पाण्याचा वाटा ठरलेल्या मापाचा नसतो, तो नदीत असेल त्याच्या प्रमाणात असतो. नदी आटली की सगळ्यांचंच कमी होतं. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाने १५१७ मध्ये नियम केला होता की हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई जगवता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अशाच व्यवस्थांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. सामायिक गोष्ट उजाड होणारच, हे गृहीतक त्यांनी प्रत्यक्ष गावांच्या आधाराने खोडून काढलं. नियम ज्यांना लागू आहेत त्यांनीच ते घडवलेले असले, देखरेखही त्यांचीच असली, की वाटे पिढ्यानपिढ्या चालतात.

हिस्सा देऊन पिळवणूकही करता येते, हे कामगारांना वाटा देण्याआधी नीट समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या देवमाशांच्या शिकारी जहाजांवर पगार नव्हता, सगळ्यांना हिस्सा होता. कॅप्टनला साधारण बारावा-पंधरावा भाग, नवख्या खलाशाला दीडशे-दोनशेवा. सफर कित्येकदा तीन-चार वर्षं चाले, आणि त्या काळातली उचल, कपडे, तंबाखू सगळं त्याच्या भागातून वळतं व्हायचं. कित्येक खलाशी परतले ते देणेकरी होऊन. धंद्यातली अनिश्चितता ज्याला झेपत नाही त्याच्याच अंगावर टाकली, आणि त्याला हिस्सेदार म्हटलं. एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी २००१ मध्ये कोसळली तेव्हाही असंच झालं: कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या बचतीतला निम्म्याहून जास्त पैसा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये होता. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी दोन्ही बरोबरच गेली.

तेव्हा पगार पूर्ण द्या आणि नफ्यातला वाटा त्याच्या वर द्या. पगारात काटछाट करून वाटा देणार असाल तर देऊच नका. कामगाराच्या बचतीला हात लावू नका, त्याला शेअर विकत घ्यायला सांगू नका. वाट्याचं सूत्र वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा, शेवटी मालकाच्या मर्जीने दिलेली रक्कम म्हणजे बक्षीस, हिस्सा नव्हे. शंभर माणसांत एकाने जास्त कष्ट केले तर त्या वाढीचा शंभरावा भाग त्याला मिळतो, त्यामुळे नुसत्या वाट्याने काम वाढेल ही अपेक्षा मोठ्या ठिकाणी फोल ठरते. दहा-पंधरा जणांत, जिथे एकमेकांचं काम दिसतं, तिथे फरक पडतो. आणि त्यांना वह्या दाखवा. आकडे न दाखवता दिलेल्या वाट्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही, बसूही नये.

आणखी एक गोष्ट, स्थैर्याची. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’मध्ये वाट्याने कसणाऱ्या शेतकऱ्यांची नावं नोंदवली गेली. त्यांना हुसकून लावता येईनासं झालं आणि पिकातला त्यांचा कायदेशीर वाटा पक्का झाला. त्यानंतर पीक वाढल्याचं अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसलं. पुढच्या हंगामात आपण इथेच असू याची खात्री झाल्यावरच माणूस जमिनीत जीव ओततो. कामगाराचंही तसंच आहे. कधीही काढून टाकता येणाऱ्या माणसाला तुम्ही किती टक्के दिले याला फारसा अर्थ नाही.

आता करण्यासारखं सांगतो. वकिलाकडे जाण्याआधी तिघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, चार प्रश्नांची उत्तरं लिहा: मी सहा महिन्यांत सोडलं तर काय न्याय्य ठरेल? धंदा बुडाला तर मी किती रक्कम भरू शकतो? कुठला निर्णय माझ्या संमतीशिवाय झाला तर मला सहन होणार नाही? मी वारलो तर घरच्यांना काय मिळावं? मग कागद एकत्र ठेवा. जिथे उत्तरं जुळतात तिथे दोन ओळींचं कलम पुरेल. जिथे जुळत नाहीत तिथे वेळ द्या, एका बैठकीत नाही जमलं तर चार घ्या. ते झाल्यावर टक्क्यांचा आकडा ठरायला फार वेळ लागत नाही. आणि करार लिहिणारा वकील तिघांनी मिळून नेमा, भांडवल घालणाऱ्याच्या ओळखीचा नको.